अजून चादरी काढायच्या नाहीत

लोणावळे, ता. १८ जुलै १९३७

ती. गोदावन्सं,

वेणूचा नमस्कार. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का, तर इथे कागद इतका सर्द असतो की शाई फुटते. हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. शाळेतून घरी आलं की हातच उचलवत नाही. शेगडीवर टोपली उपडी घालून ह्यांचे कपडे वाळवायचे, रेल्वेच्या माल-ऑफिसातून हे भिजून आले की चहा द्यायचा, की संपला दिवस. सूर्य म्हणून काही असतं हे आता मी ऐकीव गोष्ट म्हणूनच धरते.

शाळा चालली आहे. बंगल्यांच्या रस्त्यावर एका पारशीणबाईंनी आउटहाउस दिलंय, एवढं तुम्हांला ठाऊक आहेच. मुलं माळ्यांची, गड्यांची, हमालांची. साडेतीन-चार वर्षांची. येताना डोक्यावर पोतं, नाकाला शेंबूड, आणि बरोबर कुणाचं तरी कुत्रं. तुमच्या पुण्याच्या शिशुशाळेतली मुलं रंगीत ठोकळे रचतात. माझी ठोकळे खिशात घालून घरी नेतात.

एक विचारायचं आहे. तुम्ही शिकवलंत की मुलं मनाने खेळ मांडतात तेव्हा बाईंनी कोपऱ्यात बसावं, बघावं, मध्ये पडू नये. मी तशी बसते. पण परवा मला बसवलं नाही. पारशीणबाईंनी जुन्या पांढऱ्या चादरी दिल्या आहेत. मुलांनी काय करावं? उम्मेहानी नावाची एक मुलगी आहे, सगळे उम्मी म्हणतात. तिने एक पाट आडवा ठेवला, त्यावर चादर घातली, पार डोक्यापासून पायापर्यंत म्हणावं तशी. कडा खाली खोचल्या. वरून सुतळी बांधली. मग अंगणातून खडे आणून ते चादरीखाली सारले. आणि म्हणते कशी, "शेट गेलं. शेटानीबाई बी गेल्या. झाका समदं." सोपान नावाचा मुलगा मान खाली घालून उभा. बाकीची चिडीचूप.

वन्सं, चादर, सुतळी आणि खडे. जीवखडासुद्धा विसरली नाहीत. मी उठले, चादरी काढून घेतल्या आणि कपाटात टाकल्या. एवढ्याशा पोरांनी मरण खेळावं? कुणी मारून-मुटकून शिकवलं असेल का? बंद करू का हा खेळ?

मुकुंद गेल्यानंतर तुम्ही मला नुसतं बसू दिलं नाहीत, वर्षभर आपल्याकडे ठेवून शिकवलंत, ह्याचे उपकार आहेत. पण कधी कधी वाटतं, माझ्यासारखीने मुलांत बसावं का?

तुमची,
वेणू

पुणे, ता. २४ जुलै १९३७

चि. सौ. वेणू,

आशीर्वाद. पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा हसू आलं आणि दुसऱ्यांदा आलं नाही.

आधी कान धरते. खेळ अर्धा बघून उठलीस! झाकलं, बांधलं, खडे ठेवले, पुढे काय? रडली का कुणी? उचललं का? कुठे नेलं? तुझ्या पत्रात काहीच नाही. नाटकाचा एक अंक बघून घरी यायचं आणि नाटक वाईट म्हणून सांगायचं, असं झालं हे. चादरी आजच्या आज परत दे. आणि तोंडाला कुलूप लाव.

शिवाय एक बघ. त्या मुलांपैकी एकीने हुकूम दिला आणि बाकीच्यांनी ऐकला. जूनमध्ये तू लिहिलं होतंस की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात पाठ करून खेळतो, एकमेकांकडे ढुंकून बघत नाही. मग हे आवळ्याएवढं का होईना, पुढे पडलेलं पाऊल आहे की नाही? तुला चादर दिसली, मला चार मुलं एका खेळात दिसली. तुला चादरच का दिसली हे मला कळतं गं. पण पोरांच्या डोळ्यांवर आपला चष्मा लावायचा नाही.

मुलांत बसावं का, असं पुन्हा विचारलंस तर मी स्वतः लोणावळ्याला येईन आणि तुझ्या शेगडीवरच्या टोपलीखाली तुलाच वाळत घालीन. नानाला म्हणावं, छत्री हरवू नको. दरसाल एक हरवतो.

गोदावरी

लोणावळे, ता. २२ ऑगस्ट १९३७

ती. वन्सं,

हसा. पोट धरून हसा, मी आडवी येणार नाही.

चादरी परत दिल्या. कोपऱ्यात बसले. तोंडाला कुलूप लावलं. पुन्हा तोच खेळ. पाट झाकला, खुर्ची झाकली, देवळी झाकली, माझी पाण्याची घागरसुद्धा झाकली. खडे सारले. मग उम्मीने कमरेची नाडी काढली, तिला एक गंजका खिळा बांधलेला, आणि दाराशी तो फिरवून म्हणाली, "कुलूप घातलं." सोपानने डोक्यावर ठोकळ्यांची पेटी घेतली आणि धावत सुटला, "टेसन! टेसन! गाडी चुकंल!"

वन्सं, ती बंगला बंद करत होती! इथले शेठ लोक मे अखेरीला मुंबईला जातात. पाऊसभर बंगले बंद. गडीमाणसं टेबलखुर्च्यांवर चादरी घालतात, वारा येतो म्हणून सुतळीने बांधतात, वाळवी-झुरळ लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या आत टाकतात. माझा जीवखडा म्हणजे डांबराची गोळी! ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "त्या सगळ्या पेट्या माझ्याच ऑफिसातून जातात, मला विचारायचंस." खरंच विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता खेळ रोज चालतो आणि मला तो पाठ झालाय. शेठ कोण व्हायचं ह्यावर मारामारी व्हायची, आता पाळी ठरलीय, कुणी न सांगता. मुक्ता शेठाणी झाली की सगळ्यांना खोटी चिक्की वाटते. परवा सोपान शेठ होता. पेटी घेऊन निघाला आणि म्हणाला, "जातो." उम्मीने त्याला हाताला धरून मागे आणलं. "जातो न्हाई म्हनायचं! येतो म्हनायचं!" मग तो म्हणाला "येतो", तेव्हा कुठे त्याला गाडी मिळाली.

ही उम्मी म्हणजे शेजारच्या बंगल्याच्या माळ्याची, चाँदभाईंची मुलगी. झाकझूक हिला सगळी येते, कारण हिची आई मेहमुदा तिथे आतलं काम करायची आणि ही पाठीमागे गोळ्यांचा डबा घेऊन हिंडायची. मेहमुदा जूनच्या सुरुवातीलाच बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. मी शाळा उघडली त्याच्या थोडं आधीच. पोर रडत नाही, कुरकुरत नाही, जेवते. मला वाटतं खेळाने तिला सावरलंय.

एकच खोड. बंगला बंद करते, पण उघडू देत नाही. बाकीच्यांना चादरी ओढून "आलं, आलं" करायचं असतं, त्यातच मजा. ही आडवी पडते. "अजून चादरी काढायच्या न्हाईत. दिवाळी न्हाई आली." भारी हट्टी आहे.

पाऊस आहेच. मी दमले आहे, पण निराळी दमले आहे.

वेणू

पुणे, ता. ५ सप्टेंबर १९३७

चि. सौ. वेणू,

हसले. शाळेतल्या दोघी बाईंनाही वाचून दाखवलं, त्याही हसल्या. नाव सांगितलं नाही, घाबरू नकोस.

तुझ्या उम्मीविषयी. पुढारीपण करणारं मूल प्रत्येक वर्गात एक असतं. चार लोकांना खेळात ओढतं म्हणून ते हवं, आणि सगळं आपल्याच हाती ठेवतं म्हणून त्याला आवर हवा. किल्ली सारखी तिच्याच नाडीला का? हळूच म्हणावं, आज किल्ली मुक्ताकडे. रागावून नव्हे. आपल्या हातचं दुसऱ्याला देता येणं, हेही ह्याच वयात यायचं असतं. रडेल थोडी, मग विसरेल.

गणपती बसतील, गडबड आहे, जास्त लिहीत नाही. यंदा दिवाळीला दोघं या. दोन वर्षं झाली. नानाला रजा नाही हे कारण मागच्या वर्षी चाललं. नानाला एकट्याला विचारलं तर तो म्हणतो, रजा मिळते, वेणूच नको म्हणते. मी काही म्हणत नाही. फक्त या.

गोदावरी

लोणावळे, ता. ३ ऑक्टोबर १९३७

ती. वन्सं,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. फार चुकलं. तुमचं चुकलं असं नाही म्हणत, मीच तुम्हांला अर्धं लिहिलं होतं. मला अर्धंच दिसत होतं.

सोमवारी किल्ली मुक्ताला दिली. उम्मीने मुकाट्याने नाडी सोडून दिली. मला वाटलं, वा. मुक्ताने "दिवाळी आली" म्हणून आरोळी ठोकली आणि मुलं चादरी ओढायला लागली. पाटावरची गेली, खुर्चीवरची गेली, उम्मी गप्प. कोपऱ्यात देवळीखाली एक उशी होती, ती रोज सगळ्यांत आधी झाकते, सगळ्यांत नीट झाकते. मी आजवर तिला गादी-बिदी समजत होते. मुक्ताने तिला हात घातला आणि उम्मी तिच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं.

मुक्ताला हळद लावून घरी पाठवलं. उम्मीला जवळ घेतलं, तर लाकडासारखी ताठ. विचारलं, "उशीत काय आहे गं?"

म्हणाली, "अम्मा."

मी म्हटलं, "अम्मा?"

"अम्मा गेली. दिवाळीला येनार. मदीच काडली तर येनार न्हाई."

वन्सं, ज्या आठवड्यात मेहमुदा गेली, त्याच आठवड्यात बंगला झाकला गेला, मेहमुदानेच झाकला, ही मागे डबा घेऊन होती. आणि मग मेहमुदाला पांढऱ्यात गुंडाळलं. वरून बांधलं. सगळे म्हणाले, गेली. ह्या पोरीने जन्मापासून बघितलंय की पांढरं घालून बांधतात, गेलं म्हणतात, आणि दिवाळीच्या आधी उघडतात. माझी पहिली समजूत चुकीची होती म्हणून आपण हसलो. आता बघा.

संध्याकाळी चाँदभाईंकडे गेले. ते बंगल्याच्या मागे कुंड्या धूत होते. पन्नाशीच्या माणसासारखे दिसतात, असतील तिशी-बत्तिशीचे. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली नाही.

म्हणाले, "त्या दिशी तिनं इचारलं बाई, अम्माला का झाकलं? म्या म्हनलं, अम्मा गेली. ती म्हनली, बरं. रडली न्हाई, लय गुनाची पोर. मला वाटलं समजलं."

मग म्हणाले, "शेटचं कागद आलंय. ह्या महिन्याच्या आखेरीला येनार. पोरगी म्हनतीय, अम्माला बांगड्या आना. मी म्हनलं, आनतो. काय म्हननार?"

मी म्हटलं, "तुम्ही तिला सांगायला हवं, भाऊ." त्यांनी मान हलवली. "तुमी सांगा. माज्या तोंडातनं त्यो शब्द येत न्हाई. मी बी गेलीच म्हनतो."

वन्सं, माझ्या तरी कुठे येतो? बंगल्याच्या चादरी निघतील तेव्हा ती अम्मा शोधायला आत धावेल, खोली-खोली हिंडेल, तेव्हा कोण असणार तिथे? मध्ये पडायचं नाही हा तुमचा नियम. पडू का? लवकर लिहा.

वेणू

पुणे, ता. ६ ऑक्टोबर १९३७

चि. वेणू,

पत्र हातात पडलं आणि लिहायला बसले. शाळेत आज मी नाही म्हणून सांगितलं.

नियम खेळाचा आहे. हा खेळ नव्हे. ती मुलगी खेळत नव्हती, ती वाट बघत होती, आणि पंधरा वर्षं मुलांत काढून मला ते ओळखता आलं नाही. असो.

तुला एक सांगते, जे नानालाही ठाऊक नाही, तो तेव्हा पाळण्यात होता. मी नऊ वर्षांची होते. सासरी गेलेसुद्धा नव्हते. एके दिवशी घरात सगळे रडत होते आणि आत्याने माझं कुंकू पुसलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "ते गेले." मी विचारलं, "कधी येणार?" तर आत्याने तोंडात पदर कोंबला आणि बाहेर गेली. उत्तर कुणीच दिलं नाही. मला वाटलं, मी काहीतरी वाईट विचारलं. म्हणून पुन्हा विचारलं नाही, आणि श्रावण येईपर्यंत मनातल्या मनात वाट बघत बसले, की ते आले म्हणजे माझ्या बांगड्या परत मिळतील.

सांग तिला. बंगला उघडायच्या आत सांग. देवाघरी गेली म्हणू नकोस, झोपली म्हणू नकोस, लांब गेली तर मुळीच म्हणू नकोस. जो शब्द आहे तोच म्हण. तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दे, कितीही वेडंवाकडं विचारलं तरी. तू रडलीस तर रड.

मी आले असते. पण हे मी येऊन होण्यातलं नाही. ते तुझंच आहे.

गोदा

लोणावळे, ता. २४ ऑक्टोबर १९३७

ती. वन्सं,

सांगितलं.

चार दिवस टाळलं आधी. आज पाऊस, उद्या मुक्ताची आई भेटायला यायची, परवा माझंच डोकं दुखतंय. मग एका दुपारी बाकीची मुलं गेली, चाँदभाई दाराशी येऊन थांबले, आत येईनात. उम्मी चादरीची सुतळी घट्ट करत होती. मी खाली बसले.

म्हटलं, "उम्मी, अम्मा दिवाळीला येणार नाही."

"मग नाताळाला?"

वन्सं, शेठ लोक नाताळातही येतात ना. तिचं बरोबरच होतं.

"नाताळातही नाही. अम्मा मेली, उम्मी."

तिने माझ्याकडे बघितलं. "शेटचा कुत्रा मेला, तशी?"

"हो. तशीच."

"त्याला पुरला."

"अम्मालाही पुरलं."

"पन कुत्र्याला चादर नव्हती."

"माणसाला घालतात. ती चादर काढायची नसते."

ती बराच वेळ सुतळीशी खेळत बसली. मला वाटलं संपलं, आता काही विचारणार नाही. आणि मग मी ठरवलं नव्हतं ते बोलले. म्हटलं, "माझा मुलगा होता. मुकुंद. तुझ्याएवढा. तोसुद्धा मेला."

मुकुंदबद्दल हा शब्द मी दोन वर्षांत पहिल्यांदा उच्चारला. 

उम्मीने विचारलं, "त्यो येतो म्हनला व्हता?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "अम्मा बी न्हाई म्हनली. ती येते म्हनलीच न्हाई." आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. वन्सं, जूनपासूनचं सगळं एकदम आलं. चाँदभाई आत आले, चपला काढायचं भान राहिलं नाही त्यांना. तिघंही रडलो. मी काही समजूत घातली नाही. घालण्यासारखी नव्हतीच.

मोकळी झाल्यावर तिने आपल्या हाताने सुतळी सोडली. खडे काढून अंगणात टाकले. चादर काढली आणि घडी घातली, मेहमुदा घालत असेल तशी, कड कडेला लावून. मग ती उशी डोक्याखाली घेतली आणि झोपली. नुसती उशी, वन्सं. चाँदभाईंनी तिला तसंच उचलून नेलं.

पुढे दोनतीन दिवस ती आलीच नाही. मी घाबरले होते. मग आली, मुक्ताशेजारी जाऊन बसली आणि तिच्या मनगटावरची चावल्याची खूण बोटाने घासून पुसता येते का बघत होती. मुक्ता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सुकली."

बुधवारी बंगला खराच उघडला. मी गेले होते, व्हरांड्यात उभी राहिले. उम्मी बापाबरोबर एकेक चादर ओढत होती. कुठल्याच खोलीत धावली नाही. एका आरामखुर्चीपाशी मात्र थांबली, चादर वर करून आत वाकून बघितलं, आणि पुन्हा नीट बघितलं. मग खाली सोडून दिली. चाँदभाईंनी ती काढली. बांगड्या त्यांनी आणल्या होत्या, लहान मापाच्या. तिच्या हातात होत्या.

ह्यांना घरी येऊन सांगितलं. हे चहाची बशी धरून बसले, चहा निवला. मग म्हणाले, "मुकुंद मेला, हे तू म्हणालीस?" मी म्हटलं, हो. हे म्हणाले, "मला वाटत होतं मी म्हटलं तर तू कोसळशील." आणि मला वाटत होतं हे कोसळतील. दोन वर्षं आम्ही एकमेकांसमोर झाकून बसलो होतो. मी आजही दमलेलीच आहे, वन्सं, ते काही गेलं नाही. पण मुकुंदचे खेळ ठेवलेल्या पलीकडच्या खोलीची कडी काढली आहे. त्याची लाकडी गाडी उद्या शाळेत नेणार आहे. मोडतील. मोडू देत.

शाळेत आता नवा खेळ आहे. बंगला उघडतो. उम्मी किल्ली ज्याची पाळी त्याला देते. शेठ मुंबईहून येतो, चिक्की वाटतो, पुन्हा जायला निघतो. काल सोपान निघाला आणि तिने त्याला अडवून विचारलं, "येतो म्हनलास का?" तो म्हणाला, "म्हनलो की." तेव्हा सोडलं.

ह्यांनी रजेचा अर्ज दिला आहे. मंजूर झाली आहे. आल्यावर घरात कुणी माझ्यासमोर आवाज उतरवून "मुकुंद गेला तेव्हापासून" असं म्हणू नये, एवढं आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. जे आहे ते म्हणा, माझ्यादेखत म्हणा.

वसुबारसेला संध्याकाळच्या गाडीने.

येते,
वेणू